तासिका सोडली तर फिजिक्स सुटेल का?

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यातल्या एका गावचे हे वाचक, वय 36. शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. फिजिक्स, मग सेट ही प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा, आणि गेल्या वर्षी पीएच.डी.; विषय रासायनिक पद्धतीने तयार केलेल्या पातळ फिल्म्स. नऊ वर्षं एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, घेतलेल्या तासांपुरतं मानधन घेऊन शिकवतात. वर्षभरात हाती येणारी रक्कम बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला 15-16 हजार पडतात, तेही दोन-तीन महिने थकून. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी पहिलीत. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका क्लासने नीट-जेईईच्या मुलांना फिजिक्स शिकवायला महिना 60 हजार देऊ केलेत आणि पंधरा दिवसांत उत्तर मागितलंय. दुसरीकडे एका संस्थेत कायम जागा निघणार अशी कुणकुण आहे. मधल्या एका माणसाने त्या जागेसाठी द्यायच्या पैशांचा आकडाही आडून आडून सांगितलाय. वडील, म्हणजे आबा, त्यासाठी बागेतला एक एकर विकायला तयार झालेत. वाचक लिहितात, "मला विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं होतं. क्लासला गेलो तर नऊ वर्षं पाण्यात जातील आणि फिजिक्स कायमचं सुटेल. मॅडम, थांबू की जाऊ?"

सर,

तुम्हाला सरच म्हणते. स्टाफरूममध्येही सगळे सरच म्हणत असतील, फक्त मस्टरमध्ये सीएचबीवाल्यांचं पान वेगळं असेल. त्या पानावर साडेचार वर्षं माझीही सही होती. त्यामुळे तुमचं पत्र एका दमात वाचवलं नाही. मध्ये उठले, चहा टाकला आणि मग पुढचं वाचलं.

सगळ्यात आधी जमिनीचं बोलू, कारण ते आजच थांबायला हवं. आबांना सांगा, एकर राहू द्या, गुंठाभरसुद्धा विकायचा नाही. असे पैसे मागणं हा गुन्हा आहेच, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली झालेल्या दुरुस्तीनंतर देणाराही त्यात अडकू शकतो. पावती कुणी देत नाही, म्हणजे काम झालं नाही तर मागायला तोंड राहत नाही. आणि जागा 'निघणार' म्हणजे काय काय व्हावं लागतं ते बघा. अनुदानित महाविद्यालयाला पद भरायला शासनाची ना हरकत लागते, रोस्टर, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षण प्रवर्गाचं याची यादी, तपासून यावं लागतं, विद्यापीठाकडून जाहिरात मान्य व्हावी लागते, मग निवड समिती बसते आणि तिच्यात विद्यापीठाने पाठवलेले लोक असतात. यातला एकही कागद टेबलावर नसताना जो आकडा सांगतो, त्याच्या हातात विकायला काहीच नसतं. माझ्या माहितीतल्या एका मुलाच्या घरच्यांनी हे केलं. रोस्टर लागलं तेव्हा ती जागा दुसऱ्याच प्रवर्गाला गेली. पैसे तुकड्या-तुकड्याने परत आले, तेही निम्मे. विकलेल्या रानाच्या बांधावरून जायला नको म्हणून त्याचे वडील आजही लांबच्या वाटेने शेतात जातात. आबांवर ती वेळ आणू नका. ते तयार झाले यात त्यांची माया आहे. 'हो' म्हणताना त्यांच्या पोटात काय झालं असेल, तेही तुम्हीच ओळखू शकता.

आता नऊ वर्षांचं. तुम्ही लिहिता, क्लासला गेलो तर नऊ वर्षं पाण्यात जातील. मी तुम्हाला एक साधा तक्ता वाचायला सांगते. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदासाठी मुलाखतीला कुणाला बोलवायचं, याचे छाननीचे गुण दिलेत. विद्यापीठासाठीच्या तक्त्यात पीएच.डी.ला 30 गुण आहेत, सेटला 3, नेट या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेला 5. संशोधन लेखांना प्रत्येकी 2, पण जास्तीत जास्त 10. अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला 2, तेही जास्तीत जास्त 10. महाविद्यालयांसाठीचा तक्ता वेगळा आहे, तिथे पीएच.डी.ला 25 आणि लेखांना 6 इतकीच मजल जाते, पण अनुभवाला तिथेही 10 च.

यातून काय निघतं बघा. तासिकेचा अनुभव धरला गेला, तर पाच वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तुमचा अनुभवाचा रकाना भरला. सहावं, सातवं, आठवं आणि नववं वर्ष तुम्ही वर्गात खडू झिजवलात, पोरांच्या जर्नल तपासल्यात, पण तक्त्यात त्याची एक रेघ वाढली नाही. दहावं वर्ष काढलंत तरी वाढणार नाही. आणि याचीच दुसरी बाजू अशी, की भरलेला रकाना क्लासला गेल्याने कुणी पुसत नाही. नऊ वर्षांतली पाच तुमच्या खिशात आहेत, फक्त त्यांचे कागद हवेत. प्रत्येक वर्षाचं नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता, प्राचार्यांच्या सहीचं अनुभव प्रमाणपत्र ज्यात विषय, वर्ग आणि आठवड्याचे तास लिहिलेले आहेत. हे सगळं या आठवड्यात मागून घ्या. माणूस गेल्यावर दोन वर्षांनी ऑफिसात जाऊन जुनी फाइल शोधायला लावणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. शिवाय राज्य शासन विद्यापीठांच्या भरतीसाठी वेळोवेळी आपली गुणपद्धत काढतं, तेव्हा जाहिरात आली की तिच्यासोबतचा तक्ता नव्याने वाचायचा. ऐकीव गोष्टींवर जायचं नाही.

तक्ता वाचताना मला एक गोष्ट खटकली, ती बोलून टाकते. तुमच्या चार पानी पत्रात पीएच.डी. एका ओळीत उरकली आहे आणि लेख किती, याचा उल्लेखच नाही. प्रबंधातून लेख निघालेत का? निघाले नसतील तर तुमचं खरं नुकसान तिथे होतंय. तासिकेची धावपळ, एसटीचा प्रवास, संध्याकाळच्या शिकवण्या, यांत लिहायला बसणं होत नसेल, हे मला कळतं. पण मग असं विचारावं लागेल, की फिजिक्सजवळ राहण्यासाठी तुम्ही जी जागा धरून ठेवली आहे, ती तुम्हाला फिजिक्स करू देते आहे का?

थांबणं म्हणजे निष्ठा, असं आपल्याकडे शिकवलेलं असतं. सातारा-सांगलीकडच्या आपल्या लोकांना तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था उभी केली तेव्हापासून मास्तर म्हणजे व्रत, असंच वाटत आलंय, आणि त्या वाटण्याने आमच्यासारख्यांची घरं शिकली. पण व्रत घेतलेल्या माणसाला महिन्याचा पगार मिळूच नये, असं भाऊरावांनी कुठे सांगितलं? त्यांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं. कमवा आधी आहे.

थांबणं कधी बरोबर ठरतं, तेही सांगते. तुमच्या विभागात कायम असलेल्या कुणाची निवृत्ती दीड-दोन वर्षांत आहे का? ते गेल्यावर फिजिक्सचा वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास, पूर्ण पदाचा उरतो का? बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स घेणारी पोरं किती आहेत आणि तीन वर्षांपूर्वी किती होती? रोस्टरवर पुढचा बिंदू कुठल्या प्रवर्गाचा आहे आणि तुम्ही त्यात बसता का? ही चारही उत्तरं हेडक्लार्ककडे असतात. शांतपणे अर्धा तास बसून विचारा. उत्तरं अनुकूल असली तर आणखी एक वर्ष थांबण्यात अर्थ आहे. पोरं घटतायत, वर्कलोड निसटतोय, बिंदू दुसऱ्याचा आहे, असं निघालं तर 'कधीतरी होईल' या शब्दाला आधार उरत नाही. कायम झाल्यावर ही तासिकेची वर्षं पदोन्नतीला सहसा धरली जात नाहीत, आणि जुनी पेन्शन 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना साधारणपणे नाहीच. म्हणजे उशिरा लागण्याची किंमत प्रत्येक वर्षी वाढत जाते.

आता ज्या पदासाठी हे चाललंय त्याच्याबद्दल. विद्यापीठातला प्राध्यापक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्यासमोर, तुमच्या वयाची होते तेव्हा, एक मोठी खोली यायची, भिंतभर फळा आणि कुणी व्यत्यय न आणणारी दुपार. ती दुपार मला नोकरीत फार थोड्या वेळा मिळाली. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास थेट शिकवणं असतं. त्याच्याभोवती परीक्षा, पेपर तपासणी, प्रवेश, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइली, पदोन्नतीचे अर्ज आणि त्यांना जोडायच्या झेरॉक्सचे गठ्ठे. सुरुवातीचं मूळ वेतन 57,700, आणि प्रोफेसर झाल्यावर 1,44,200 पासून; हे पैसे घर उभं करतात, मुलं शिकवतात, म्हातारपणीची औषधं आणतात. मी त्या पगाराला कधीच कमी लेखलं नाही आणि तुम्हीही लेखू नका. पण माझ्या हातून मोठा शोध लागला नाही. आठ-दहा बरे लेख, तीन विद्यार्थ्यांच्या पीएच.डी., आणि प्रॅक्टिकलच्या हजारो दुपारी.

त्या दुपारींबद्दल मात्र बोलायला हवं. न्यूटनच्या वर्तुळांचं प्रॅक्टिकल तुम्ही शंभर वेळा घेतलं असेल: सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवायचं आणि मायक्रोस्कोपमधून उजेड-अंधाराची वर्तुळं मोजायची. सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबीसर उजेड पडतो, कारण सुरुवातीला त्यातला निऑन पेटतो. सोडियम तापून त्याची वाफ झाली की तोच दिवा हळूहळू पिवळा होतो. जतकडची एक मुलगी होती, बोलायची कमी. दिवा पिवळा झाला, तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि वर्तुळं मोजायला लागली. सतराव्याला चुकली, परत पहिल्यापासून. पुन्हा चुकली, पुन्हा पहिल्यापासून. बेल झाली, बाकीच्या गेल्या. ती मान वर न करता म्हणाली, "मॅडम, मधला ठिपका काळा का? काच तर काचेला टेकलीय, तिथून सगळ्यात जास्त उजेड यायला पाहिजे ना?" ठिपका काळा असतो हे पाठ करून आलेल्या पोरी मी खूप पाहिल्या होत्या. तो काळा आहे याचा राग आलेली ती पहिली. एका काचेवरून परत येताना लहरीची कला (फेज) उलटी होते, म्हणून दोन्ही लहरी तिथे एकमेकींना खाऊन टाकतात, हे तिला समजावून सांगताना साडेसहा वाजले. त्या दिवशी मी प्राध्यापक होते की तासिकेवरची, आठवून बघितलं तर तासिकेवरची होते.

म्हणजे फिजिक्स पदाच्या आत बसलेलं असतं आणि पद गेलं की तेही जातं, हे तुमचं गृहीतक मला मान्य नाही. चंद्रशेखर वेंकट रामन 1907 साली सरकारच्या अर्थखात्यात लागले आणि कलकत्त्यात हिशेबाच्या खात्यात अधिकारी झाले. पुढची दहा वर्षं, रंगून-नागपूरच्या बदल्यांचा काळ सोडला तर, ऑफिसच्या आधी आणि ऑफिसच्या नंतर ते बहूबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत काम करत राहिले. 1917 मध्ये कलकत्ता विद्यापीठाने पालित प्राध्यापकपद दिलं तेव्हा जास्त पगाराची सरकारी नोकरी सोडून ते तिकडे गेले. हे उदाहरण देऊन तुमच्या खांद्यावर ओझं ठेवायचं नाही मला. त्यांची प्रयोगशाळा त्याच शहरात होती. तुमची कोल्हापुरात, 50 किलोमीटर लांब. पण दहा वर्षं दुसऱ्या खात्याचा पगार घेऊन फिजिक्स हातात ठेवता येतं, एवढं त्यातून घ्या. शिकवण्याच्या बाजूचंही एक उदाहरण आहे. सत्येंद्रनाथ बोस ढाक्याला शिकवत होते आणि प्लांकच्या नियमाची, म्हणजे तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या उजेडाच्या नियमाची, पुस्तकातली सिद्धता त्यांना पटत नव्हती. वर्गात जे सांगायचं ते आधी स्वतःला पटायला हवं, या हट्टातून 1924 चा तो लेख झाला, जो त्यांनी आइन्स्टाइनना पाठवला. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती. नीटच्या वर्गातही पोरगं असा प्रश्न विचारू शकतं, आणि तिथेही तुम्हाला तो आधी स्वतःला पटवावा लागेल.

घराजवळचंच एक सांगते, कारण 'साधनं नाहीत' हे तुमच्या पत्रात दोनदा आलंय. रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणेवर एक टिपण लिहिलं. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे स्वर, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, निघायला नकोत, कारण मध्यबिंदू हा त्यांचा स्थिर बिंदू आहे. तंबोऱ्यात ते निघतात, आणि चांगले दणकट निघतात. कारण घोडी सपाट पट्टीसारखी नसून तिचा माथा वक्र असतो. कंप पावणारी तार त्या वक्रावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. काही वर्षांपूर्वी दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी मिरजेला एका तंतुवाद्य करणाऱ्यांच्या दुकानात गेले. फोनवर फायफॉक्स नावाचं फुकट ॲप घेतलं होतं, आवाजात कुठले स्वर किती जोराचे आहेत ते सुळक्यांनी दाखवणारं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने ते केलंय. तार 140 हर्ट्झच्या आसपास लावलेली. जवारीतला, म्हणजे घोडीवर तारेखाली घालतात तो, धागा काढून मध्यावर छेडली तर 280 जवळचा सुळका अगदी बुटका. मग त्या कारागिरांनी तारेखाली धागा घातला आणि अंगठ्याच्या नखाने तो सरकवायला लागले. एक केस, आणखी एक केस. आवाज एकदम उघडला, आणि स्क्रीनवर 280 चा सुळका उभा राहिला, मागे 560 चाही. ते हसून म्हणाले, "बोलायला लागला." माझी पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. त्या दुपारचा खर्च म्हणजे वडाप आणि तीन चहा.

एवढं बोलून झाल्यावर माझं मत स्पष्ट सांगते. हेडक्लार्ककडची उत्तरं प्रतिकूल निघाली, आणि मला वाटतं ती निघतील, तर क्लासला जा. पण 60 हजारांवर जाऊ नका, 50 हजारांवर जा, आणि उरलेल्या दहा हजारांत आठवड्याचा एक दिवस विकत घ्या. सुट्टीचा रविवार त्यात मोजायचा नाही. क्लासच्या परीक्षा बहुतेक रविवारीच असतात. गुरुवार म्हणा, बुधवार म्हणा, पण कामाचा पूर्ण दिवस, लेखी. त्या दिवशी सकाळच्या गाडीने कोल्हापूर, तुमच्या गाइडच्या प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तुमचा विषय त्याला सोयीचा आहे. रासायनिक पद्धतीच्या फिल्म्सचं काम आपल्या भागात रुजलं त्यामागे हेही आहे, की त्याला महागडा निर्वात पंप लागत नाही. बीकर, काचपट्टी, क्षार, गरम पाणी आणि तासन्‌तास लक्ष. मोजमापाला एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी फिल्मची रचना तपासणारं यंत्र, लागेल तेवढ्यापुरतं विद्यापीठाच्या अधिविभागात जायचं. पहिल्या वर्षात प्रबंधातले दोन लेख, दुसऱ्या वर्षात एक नवा. आठ दिवसांत पैसे घेऊन छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. असा लेख मुलाखतीत समिती उलटून बघते आणि मग तुमच्याकडे बघते. तो क्षण मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलाय.

क्लासशी बोलताना काही गोष्टी पक्क्या करून घ्या. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही जमा करायची नाहीत, झेरॉक्स द्यायची. बाँड किंवा पुढच्या तारखेचे कोरे चेक मागितले तर नाही म्हणा आणि उठून या. नोटिशीची मुदत एक महिन्यापेक्षा जास्त नको, आणि मुलाखतीसाठी रजा मिळेल हे करारात लिहून घ्या, कारण जाहिरात येते तेव्हा सांगून येत नाही. पैसे पगार म्हणून देणार की व्यावसायिक मानधन म्हणून, तेही विचारा. मानधन असेल तर 10 टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ नसतो, विवरणपत्र तुम्हालाच भरावं लागतं. दिवसाला किती तास बोलायचंय हे मोजा. सलग सहा तास बोलून घसा बसलेले क्लासचे शिक्षक मी पाहिलेत. आणि तिथल्या पोरांकडे कमी नजरेने बघू नका. जत, आटपाडीहून येऊन खोली करून राहिलेली पोरं आहेत ती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा नंबर लागणार नाही, आणि तेव्हा बी.एस्सी. फिजिक्स ही हरलेल्याची वाट नसते, हे तुमच्यासारख्याकडून ऐकायला मिळालं तर त्यातली दोन-तीन पोरं ती वाट आनंदाने धरतील.

या सगळ्याला एक मुदत घाला. दोन वर्षं. तारीख डायरीत लिहा. त्या काळात महाराष्ट्र आणि गोव्यातल्या, खासगी विद्यापीठांतल्या, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या जागांना अर्ज करत राहा. सेट फक्त महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते. नेटला सहायक प्राध्यापकपदासाठी वयाची अट नाही, तेव्हा रोज फिजिक्स शिकवताय तर तीही देऊन बघा. दोन वर्षांनी लेख झाले असतील, एखादी मुलाखत बरी झाली असेल, तर पुढची दोन वर्षं. गुरुवार एकामागून एक क्लासला देत गेलात आणि त्याचं दुःखही वाटलं नाही, तर तेही उत्तरच आहे. मग चांगला क्लासचा शिक्षक व्हा, पूर्ण मनाने. त्यात मला काहीही उणं वाटणार नाही.

पत्रात आणखी एक जागा रिकामी आहे. आबा आहेत, मी आहे, तो मधला माणूससुद्धा आहे. तुमच्या पत्नीचं मत कुठेच नाही. नऊ वर्षं तुमच्या घरचा किराणा आणि दवाखाना कुणाच्या पगारावर चालला? त्यांना विचारलंत का, की त्या किती वर्षं आणखी थांबू शकतात आणि त्यांचं काय राहून गेलंय? कदाचित त्यांनाही एम.ए. करायचं असेल, बदली हवी असेल. हे बोलणं क्लासला उत्तर देण्याच्या आधी व्हायला हवं.

असंच पत्र लिहू शकतील अशा पंचविशीतल्या मुलामुलींसाठी थोडं. सीएचबी घ्यायला हरकत नाही. वर्गात उभं राहायला तिथेच शिकता येतं. पण घेतानाच वर्षं ठरवा, तीन, फार तर पाच. एम.एस्सी.नंतरची पहिली दोन-तीन वर्षं नेट-जेआरएफच्या, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपच्या, मागे घालवा, कारण फेलोशिपला वयाची अट असते आणि 2023 पासून जेआरएफला महिना 37 हजार मिळतात. ते पाच वर्षांच्या पीएच.डी.ला जगवतात. फेलोशिपशिवायची, तासिका करत केलेली पीएच.डी. होते, पण माणूस झिजतो. ज्यांना कुठलाच क्लास बोलावत नाही, त्यांनी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या आणि फिजिक्स शिक्षकांच्या आयएपीटी या संघटनेच्या उपक्रमांकडे बघावं. आयएपीटी 1984 पासून चालू आहे आणि तिथे कायम नोकरी आहे का, असं दारात कुणी विचारत नाही. एकटं पडण्यावर तो फार मोठा उपाय आहे.

आणि सर, महाविद्यालय सोडण्याआधी एक काम करा. आबांनी नऊ वर्षं तुमचा पगार पाहिलाय, तुम्ही तिथे करता काय ते बहुधा एकदाही पाहिलं नसेल. एखाद्या दुपारी प्राचार्यांना विचारून त्यांना प्रयोगशाळेत घेऊन या. न्यूटनच्या वर्तुळांची मांडणी करून ठेवा. दिवा गुलाबीचा पिवळा व्हायला वेळ घेतो, तोवर त्यांना स्टुलावर बसवा, पाणी द्या. मग मायक्रोस्कोप त्यांच्या डोळ्याला लावून द्या आणि बाजूला उभे राहा. घडातले मणी मोजून विरळणी करणारे डोळे आहेत ते, वर्तुळं मोजायला त्यांना सांगावं लागणार नाही.